एका चिपची चार नावं: लिनक्स कर्नलमधल्या पीसीआय क्रमांकांना एकसारखी नावं देण्याची पद्धत

५ए९८. इंटेलच्या अपोलो लेक पिढीतल्या लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम सांभाळणाऱ्या नियंत्रकाचा हा हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेला) क्रमांक. २०२३ च्या मध्यापर्यंत लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, वेगवेगळ्या ड्रायव्हरांत (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) हा क्रमांक उघडाच लिहिलेला होता आणि शेजारच्या टिप्पणीतलं नाव ठिकाणागणिक बदलत होतं. एका फाइलीत ‘बीएक्सटी-पी’, दुसरीत ‘ब्रॉक्स्टन-पी’ आणि त्यापुढे कंसात ‘अपोलोलेक’, तिसऱ्या ठिकाणी खुद्द फाइलीचंच नाव ‘एपीएल’. चिप एकच. ब्रॉक्स्टन हे सांकेतिक नाव इंटेलनं आधी ठरवलेलं. फोन-टॅबलेटसाठीचा त्याचा अवतार कंपनीनं २०१६ मध्ये रद्द केला आणि पी प्रकार अपोलो लेक या नावानं बाजारात आला. नाव बदललं तेव्हा कर्नलमधला कोड अर्धा लिहून झाला होता, म्हणून दोन्ही नावं राहिली.

गावाकडं जमिनीचं असंच असतं. सात-बाऱ्यावर गट नंबर एकच, पण घरातले त्या तुकड्याला ‘वरचा माळ’ म्हणतात, शेजारी ‘चिंचेखालचं’ म्हणतात आणि भाऊबंद आजोबांच्या नावानं ओळखतात. गावात वाढलेल्याला काही अडत नाही. अडतं ते नव्यानं आलेल्याला. कर्नलमध्ये तर रोज कोणीतरी नवा येतो, आणि त्याच्या हातात शोधण्याचं साधन एकच असतं, मजकुरात शब्द शोधणारा आदेश ग्रेप. त्यानं ‘अपोलो’ शोधलं आणि ‘ब्रॉक्स्टन’ लिहिलेली ओळ सुटली, तर त्याची दुरुस्ती अर्धवट राहते आणि ती अर्धवट आहे हे त्याला कळतही नाही. म्हणून ही नावं सरळ करण्याचं काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

हा लेख ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं याबद्दल आहे: क्रमांक ओळखणं, त्याची सगळी नावं गोळा करणं, एक नाव ठरवणं, ते पॅचमध्ये (कर्नलला पाठवायच्या कोड-बदलात) बसवणं आणि आपण काहीही मोडलं नाही हे सिद्ध करणं. कोडमधली नावं आणि आदेश इथं देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमनमध्ये, मॅक्रो (क्रमांकाऐवजी किंवा मजकुराऐवजी कोडमध्ये वापरायची नावं) असतील तर सगळी मोठी अक्षरं आणि जोडायला अंडरस्कोर.

आधी क्रमांक हातात घ्या

पीसीआय म्हणजे संगणकात उपकरणं जोडण्याची सामाईक पद्धत. प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये पहिले दोन बाइट उत्पादकाचा क्रमांक सांगतात आणि पुढचे दोन उपकरणाचा. उत्पादकाचा क्रमांक पीसीआय-सिग ही संस्था वाटते. उपकरणाचा क्रमांक उत्पादक स्वतः ठरवतो. इंटेल म्हणजे ८०८६, एएमडी १०२२, एनव्हीडिया १०डीई, रिअलटेक १०ईसी. वाचताना ‘एफएफएफएफ’ आलं तर त्या जागी काहीच बसवलेलं नाही असं समजायचं.

तुमच्या यंत्रावर एलएसपीसीआय हा आदेश ‘-एनएन’ हा पर्याय देऊन चालवा. प्रत्येक ओळीत चौकटी कंसात आधी वर्गाचा क्रमांक येतो आणि शेवटी उत्पादक व उपकरण यांची जोडी, मध्ये विसर्गचिन्ह. ही जोडीच आपल्याला हवी. शेजारी दिसणारं लांबलचक नाव कर्नलचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ते पीसीआय डॉट आयडीज नावाच्या वेगळ्या यादीतून येतं आणि ती यादी कर्नलच्या स्रोताचा भाग नाही. नवखे लोक तेच नाव उचलून मॅक्रोत घालतात, आणि नव्या गोंधळाची सुरुवात तिथून होते.

‘-एक्स’ पर्याय दिला तर कच्चे बाइट दिसतात. तिथं ८०८६ च्या जागी ‘८६ ८०’ दिसेल आणि ५ए९८ च्या जागी ‘९८ ५ए’, कारण धाकटा बाइट आधी येतो. घाबरू नका.

सरावासाठी खऱ्या हार्डवेअरचीही गरज नाही. क्यूइमू या आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘पीसी’ प्रकारचं यंत्र सुरू करा. त्यात ८०८६:१२३७, ८०८६:७०००, ८०८६:७०१० आणि ८०८६:७११३ हे क्रमांक दिसतील. कर्नलमध्ये त्यांची नावं अनुक्रमे पीसीआय_डिव्हाइस_आयडी_इंटेल_८२४४१, मग त्याच उपसर्गानंतर ८२३७१एसबी_०, ८२३७१एसबी_१ आणि ८२३७१एबी_३ अशी आहेत. म्हणजे इंटेलच्या भागाचा क्रमांक, आणि अंडरस्कोरनंतर त्या चिपमधलं कितवं फंक्शन (वेगळ्या उपकरणासारखा दिसणारा भाग) ते. जुनी पद्धत, पण कमालीची स्वच्छ: डेटाशीट हातात असली की नाव वाचून थेट पानावर जाता येतं.

सगळी नावं गोळा करा

कर्नलचा स्रोत गिटनं (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनानं) उतरवून घ्या आणि सगळा शोध गिट ग्रेपनंच घ्या. तो फक्त गिटला माहीत असलेल्या फाइली पाहतो, बांधणीतला, म्हणजे कोड कंपाइल करताना तयार होणारा, कचरा मध्ये येत नाही. पहिला शोध क्रमांकाचा. ‘-आय’ द्या, कारण कोणी हेक्समधली अक्षरं मोठी लिहितं, कोणी लहान. ‘-डब्ल्यू’ द्या म्हणजे पूर्ण शब्दच जुळेल; त्यासाठी क्रमांक ‘०एक्स’ या उपसर्गासकट शोधा. ‘-एन’ द्या म्हणजे ओळीचा क्रमांक कळेल.

निकाल डोळे झाकून घेऊ नका. १५बी३ चं उदाहरण पाहा. हा मेलानॉक्स कंपनीचा उत्पादक-क्रमांक आहे. आणि एएमडीच्या पंधरा-एच कुळातल्या सत्तर-एच मॉडेलच्या (‘एच’ म्हणजे हेक्स) नॉर्थब्रिज, म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या भागाच्या, फंक्शन ३ चा उपकरण-क्रमांकही १५बी३ च आहे. के१०टेम्प या तापमानाच्या ड्रायव्हरात तो सापडतो. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उपकरणाचा क्रमांक उत्पादकाशिवाय अर्थहीन असतो. त्यामुळे सापडलेली प्रत्येक ओळ उघडून शेजारी कोणता उत्पादक आहे ते पाहावं लागतं.

दुसरा शोध नावांचा. क्रमांकाच्या शोधात जी जी मॅक्रो-नावं आणि टिप्पण्या दिसल्या, त्या प्रत्येकासाठी पुन्हा ग्रेप. आणि इथं एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलो आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पीसीआय ड्रायव्हर आपल्याला कोणती उपकरणं चालतात याचा तक्ता लिहितात. त्या तक्त्यातली ओळ लिहायला तीन मॅक्रो मुख्यतः वापरले जातात. पीसीआय_डिव्हाइस सरळ आहे: उत्पादक आणि उपकरण, दोन्ही जसेच्या तसे. पीसीआय_व्हीडिव्हाइसला फक्त ‘इंटेल’ एवढा शब्द द्यायचा. ‘पीसीआय_व्हेंडर_आयडी_’ हा उपसर्ग तो स्वतः चिकटवतो. तिसरा, पीसीआय_डिव्हाइस_डेटा, आणखी पुढे जातो: ‘इंटेल’ आणि ‘एचडीए_एपीएल’ असे दोन तुकडे दिले की तो दोन्ही नावं जोडून घेतो आणि पीसीआय_डिव्हाइस_आयडी_इंटेल_एचडीए_एपीएल हे पूर्ण नाव प्रीप्रोसेसरच्या, म्हणजे कंपायलरआधी मॅक्रो उलगडणाऱ्या टप्प्याच्या, पोटात तयार होतं. म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलीत ते पूर्ण नाव कुठेही लिहिलेलं नसतं! पूर्ण नावाचा ग्रेप रिकामा येतो, तुम्ही समजता की कोणी वापरतच नाही, आणि नाव काढून टाकता. निदान कंपायलर ओरडतो, तोही तो ड्रायव्हर तुमच्या कॉन्फिगमध्ये (काय काय बांधायचं त्या यादीत) असेल तरच. म्हणून शेपटाचा, म्हणजे उत्पादकाच्या नावानंतरच्या तुकड्याचा, वेगळा शोध घ्या.

याच मॅक्रोमुळे एकसारख्या नावांना नुसत्या शिस्तीपलीकडे महत्त्व येतं. पीसीआय_डिव्हाइस_आयडी, मग उत्पादक, मग बाकीचं, हा क्रम ज्या नावानं पाळलेला नाही, ते नाव या मॅक्रोला वापरताच येत नाही. उदाहरणार्थ इंटेलच्या जुन्या ई१००० या नेटवर्क ड्रायव्हरात ८२५४०ईएम चिपचं नाव ई१०००_डीईव्ही_आयडी_८२५४०ईएम असं आहे. ड्रायव्हरच्या स्वतःच्या फाइलीत ते सुखानं नांदतं, त्याला हात लावायचं कारण नाही; पण ते सामाईक मॅक्रोच्या साच्यात बसत नाही.

गोळा केलेलं सगळं एका कागदावर मांडा: क्रमांक, फाइल, ओळ, तिथलं नाव. मी अजूनही हे वहीत करतो. चार-पाच क्रमांक झाले की गोंधळाचा साचा दिसायला लागतो, आणि नाव ठरवायला तोच साचा उपयोगी पडतो.

नाव ठरवणं

हा सगळ्यात अवघड भाग. एएमडीच्या प्रोसेसरांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर का अवघड ते कळेल. प्रोसेसरच्या पोटातल्या नॉर्थब्रिजचं फंक्शन ३ तापमान वाचण्यासारख्या कामांना लागतं, त्यामुळे प्रत्येक पिढीत त्याचा क्रमांक कर्नलमध्ये येतो. के८ पिढीत (क्रमांक ११०३) त्याचं नाव ठेवलं के८_एनबी_एमआयएससी. दहा-एच कुळात (१२०३) ते झालं १०एच_एनबी_एमआयएससी. पंधरा-एचमध्ये (१६०३) १५एच_एनबी_एफ३. सतरा-एच म्हणजे पहिल्या रायझनच्या कुळात नॉर्थब्रिजची जागा डेटा फॅब्रिकनं घेतली आणि नाव आलं १७एच_डीएफ_एफ३ (१४६३). पुढे मॉडेलही नावात आलं: १७एच_एम१०एच_डीएफ_एफ३ (१५ईबी), १७एच_एम३०एच_डीएफ_एफ३ (१४९३).

यातले काही बदल योग्य होते. ‘एमआयएससी’पेक्षा ‘एफ३’ केव्हाही चांगलं. एमआयएससी म्हणजे ‘इतर’, आणि ‘इतर’ हे नाव नव्हे, तो कंटाळा आहे. एनबीचं डीएफ झालं कारण हार्डवेअरच बदललं, तेही बरोबर. पण याच यादीत एक नाव आहे सीएनबी१७एच_एफ३, क्रमांक १७०३. हे सतरा-एच कुळाचं नाही. ते बारा-एच आणि चौदा-एच कुळांचं आहे. पुढे खरं सतरा-एच कुळ आलं आणि आज ‘१७एच’ शोधणाऱ्याच्या निकालात हे परकं नाव येऊन बसतं. नाव ठेवणाऱ्याचा तेव्हा काही दोष नव्हता, पण त्यातून शिकण्यासारखं आहे: नावातला आकडा ज्या गोष्टीचा आहे असं वाचणारा समजेल, तो त्याच गोष्टीचा असला पाहिजे.

मी पाळतो तो क्रम असा: उत्पादक, मग काम किंवा भाग, मग पिढी, मग प्रकार, आणि गरज असेल तरच फंक्शन. पीसीआय_डिव्हाइस_आयडी_इंटेल_एचडीए_एसकेएल_एलपी हे नाव उलगडून पाहा. क्रमांक ९डी७०. एचडीए म्हणजे हाय डेफिनिशन ऑडिओ, एसकेएल म्हणजे स्कायलेक, एलपी म्हणजे कमी वीज खाणारा प्रकार. २०२३ मध्ये इंटेलच्या ऑडिओ क्रमांकांना पीसीआय_आयडीज डॉट एच या सामाईक फाइलीत आणताना हाच साचा वापरला आणि ५ए९८ ला एचडीए_एपीएल हे नाव मिळालं. त्याआधी ९डी७० च्या शेजारी ‘सनराइज पॉइंट-एलपी’ अशी टिप्पणी असायची. सनराइज पॉइंट हे चिपसेटचं नाव, स्कायलेक प्रोसेसरचं. दोन्ही खरी. पण एका क्रमांकाला चिपसेटचं नाव, दुसऱ्याला प्रोसेसरचं असं चालत नाही. एक निवडायचं आणि सगळीकडे तेच.

कोणतं निवडायचं? माझं मत: कर्नलमध्ये जे आधीपासून जास्त रुळलंय ते. तुम्हाला दुसरं अधिक अचूक वाटत असलं तरीही. अचूकतेचा हट्ट धरून तिसरं नाव आणलं, तर दोनाची तीन नावं होतात.

जाहिरातीतली नावं मुळीच घेऊ नका. दुकानात विकताना एकाच चिपला पाच नावं असतात आणि एकाच नावाखाली तीन चिपा.

कंपनी विकली गेली म्हणून उत्पादकाचं नाव बदलू नका. एएमडीनं एटीआय २००६ मध्ये घेतली, तरी १००२ हा क्रमांक आजही पीसीआय_व्हेंडर_आयडी_एटीआय आहे. मेलानॉक्स २०२० मध्ये एनव्हीडियाकडे गेली, १५बी३ मेलानॉक्सच राहिला. हे नाव मालकीचा दाखला नाही. हा क्रमांक मुळात कोणाच्या नावे दिला गेला, एवढंच ते सांगतं. आभासी यंत्रांतल्या व्हर्टआयओ उपकरणांचा १एएफ४ हा क्रमांक मुळात कुमरानेटचा. रेड हॅटनं ती कंपनी २००८ मध्ये घेतली. कर्नलमध्ये त्याचं नाव रेडहॅट_कुमरानेट असं दोन्ही धरून आहे, कारण रेड हॅटचा स्वतःचा वेगळा क्रमांक, १बी३६, आहेच. इथं दोन नावं जोडण्याला कारण होतं. उगीच जोडू नका.

‘न्यू’, ‘२’, ‘एक्स’ अशी शेपटं लावण्याचा मोह होईल. नवं ते दोन वर्षांत जुनं होतं. शेपूट लावायचंच तर आधी त्याचा अर्थ लिहून ठेवा. इंटेलच्या प्रोसेसर-मॉडेलांच्या यादीत २०१९ मध्ये हेच केलं गेलं. तोवर कुठे ‘मोबाइल’, कुठे ‘डेस्कटॉप’, कुठे ‘झिऑन_डी’, कुठे ‘जीटी३ई’ असं काहीबाही होतं. कर्नल-विकासक पीटर झायलस्ट्रा यांनी ते सगळं आवरलं: साध्या डेस्कटॉपला काही नाही, मोबाइलला _एल, जास्त ग्राफिक्सला _जी, सर्व्हरला _एक्स, छोट्या सर्व्हरला _डी. आणि फाइलीच्या माथ्यावर हा नियम टिप्पणीत लिहिला. पुढचा माणूस नवं मॉडेल जोडायला आला की त्याला विचारत बसावं लागत नाही. नाव बदलण्याइतकीच ती टिप्पणी मोलाची आहे, असं मी म्हणेन.

नाव कुठं ठेवायचं

पीसीआय_आयडीज डॉट एच ही तीन हजारांहून जास्त ओळींची फाइल आहे आणि तिच्या माथ्यावर दोन अटी लिहिल्या आहेत. ओळी उत्पादक-क्रमांक आणि मग उपकरण-क्रमांक यांच्या चढत्या क्रमानं ठेवा. आणि एकाहून जास्त ड्रायव्हर वापरत नसतील तर नवं नाव इथं आणूच नका; ते ड्रायव्हरच्या फाइलीत राहू द्या.

दुसरी अट लोक विसरतात. आपल्या चिपचं नाव ‘मोठ्या’ फाइलीत यावं असं वाटणं साहजिक आहे, पण ती फाइल बदलली की कर्नलचा फार मोठा भाग पुन्हा बांधावा लागतो, आणि सगळेच तिथं भर घालू लागले तर पॅच एकमेकांवर आदळतात. तुमच्या वहीतल्या तक्त्यात तो क्रमांक दोन वेगळ्या ड्रायव्हरांत दिसत असेल, तर तुमची बाजू भक्कम. पॅचच्या वर्णनात त्या दोन्ही ड्रायव्हरांची नावं लिहा. विचारायच्या आधीच उत्तर मिळतं.

ओळ घालण्यापूर्वी तो क्रमांक त्याच उत्पादकाखाली दुसऱ्या नावानं आधीच आहे का, ते पुन्हा पाहा. हेक्समधली अक्षरं आजूबाजूच्या ओळींसारखी लहान ठेवा, मधलं अंतर टॅबनं भरा.

पॅचांची रचना

एकाच पॅचमध्ये सगळं करू नका. पहिला पॅच फक्त नवं नाव आणतो. मग एकेका ड्रायव्हरासाठी एकेक पॅच, त्यात उघडा क्रमांक किंवा जुनं नाव काढून नवं घालायचं. शेवटचा पॅच जुनं नाव काढून टाकतो. या साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे बांधता आली पाहिजे, नाहीतर पुढे कोणी गिट बायसेक्ट करून (चूक कोणत्या पॅचनं आली ते एकेक टप्पा बांधून पाहत) वेगळीच चूक शोधत असेल, तो तुमच्या मधल्या पॅचवर येऊन अडकेल.

बदल करायला सेड (मजकूर शोधून बदलणारा आदेश) वापरणार असाल तर शब्दाच्या सीमा लावल्याशिवाय वापरू नका. पीसीआय_डिव्हाइस_आयडी_इंटेल_आयसीएच७_१ बदलायला गेलात आणि सीमा लावली नाही, तर आयसीएच७_१७ चा पुढचा भागही जुळतो आणि तोही बिघडतो. हे दोन वेगळे क्रमांक आहेत, २७बी९ आणि २७डीए. सेडमध्ये नावाच्या दोन्ही बाजूंना उलटी तिरकी रेघ आणि ‘बी’ घातलं की हे टळतं. अंडरस्कोर हा शब्दाचाच भाग मानला जातो, त्यामुळे सीमा बरोबर पडते.

आणखी एक जागा जिथं कंपायलर तोंडातून शब्द काढत नाही: ‘नावाची व्याख्या नसेल तर ती कर’ अशा शर्ती. के१०टेम्पसारख्या ड्रायव्हरांत या आढळतात. नाव सामाईक फाइलीत असेल तर ते घ्यायचं, नसेल तर इथंच ठरवायचं. तुम्ही सामाईक फाइलीतलं नाव बदललंत आणि ही शर्त तशीच राहिली, तर ड्रायव्हर शांतपणे स्वतःचं जुनं नाव बनवून घेतो. सगळं बांधलं जातं, सगळं चालतं, आणि जे नाव तुम्ही पुसलं असं समजता ते एका कोपऱ्यात जिवंत असतं. म्हणून #आयएफडेफ आणि #आयएफएनडेफ यांच्या ओळींत जुनं नाव आहे का, हा शोध वेगळा घ्यायचा.

ड्रायव्हरातल्या इतर नावांना हात लावू नका. ध्वनिसंचाच्या एसओएफ ड्रायव्हरात आज ‘इंटेल, एचडीए_एपीएल’ असं लिहून त्याच ओळीत पुढे बीएक्सटी_डेस्क ही रचना दिलेली दिसते. डोळ्याला खुपतं, मान्य. पण क्रमांकाचं नाव आणि ड्रायव्हरच्या आतल्या रचनेचं नाव ही दोन वेगळी कामं आहेत. एका मालिकेत एकच काम.

आणि काही नावं तर बदलण्याची सोयच नसते. मॉड्यूलचं (गरजेनुसार चढवता येणाऱ्या ड्रायव्हरचं) नाव, सिसएफएसमध्ये वापरकर्त्याला दिसणारी फाइल, सेन्सरचं वाचलं जाणारं नाव, डिव्हाइस ट्रीमधली (हार्डवेअरच्या वर्णनातली) कम्पॅटिबल ओळ: यांवर बाहेरचे प्रोग्रॅम आणि फर्मवेअर विसंबून असतात. स्पेलिंग चुकलेलं असलं तरी ते तसंच राहू द्यावं लागतं.

काही मोडलं नाही याचा पुरावा

या कामाची एक सुंदर बाजू अशी की ते बरोबर झालं का हे अगदी काटेकोरपणे तपासता येतं. नाव प्रीप्रोसेसरच्या पुढे जातच नाही. पुढे जातो तो क्रमांक. म्हणजे तुमच्या बदलाआधीचा आणि नंतरचा यंत्रकोड हुबेहूब एकच असायला हवा.

दोन वेगळ्या बांधणी-फोल्डरांत, एकाच कॉन्फिग फाइलीनं, एकाच कंपायलरनं दोनदा बांधा. कॉन्फिगमध्ये डीबग माहिती बंद ठेवा आणि लोकलव्हर्जन_ऑटोही बंद ठेवा, नाहीतर कमिटचा हॅश मॉड्यूलमध्ये शिरतो आणि सगळंच वेगळं दिसतं. केबिल्ड_बिल्ड_टाइमस्टॅम्प दोन्ही वेळी सारखा द्या. मग बदललेल्या ड्रायव्हरांच्या ऑब्जेक्ट फाइली ताडून पाहा. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट याच कामासाठी आहे. फरक दिसला आणि तो समजला नाही, तर आधी ओळींची संख्या पाहा. इशारे देणाऱ्या मॅक्रोंमध्ये ओळीचा क्रमांक साठवला जातो. तुम्ही वर एक ओळ वाढवली असेल तर तेवढा फरक येणारच, आणि तो निरुपद्रवी आहे. बाकी कोणताही फरक म्हणजे चूक.

त्याहून सोपी आणि माझ्या मते जास्त बोलकी तपासणी मॉड्यूल्स डॉट अलियास या फाइलीची. प्रत्येक ड्रायव्हरच्या तक्त्यातून ‘पीसीआय:’ असलेल्या ओळी तयार होतात, त्यात उत्पादक आणि उपकरण यांचे क्रमांक आठ-आठ हेक्स अंकांत असतात. उपकरण सापडलं की युडेव्ह याच ओळींवरून कोणतं मॉड्यूल चढवायचं ते ठरवतं. दोन्ही बांधण्यांतली मॉड्यूलं वेगवेगळ्या तात्पुरत्या जागी बसवा, दोन्हीकडची ही फाइल सॉर्ट करा आणि डिफ घ्या. डिफ रिकामा यायला हवा. एक ओळ जरी गायब असली, तर कोणाच्या तरी लॅपटॉपचा आवाज जाणार आहे.

हे सगळं ऑलमॉडकॉन्फिगवर (जवळपास सगळे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधणाऱ्या कॉन्फिगवर) करा, नुसत्या तुमच्या यंत्राच्या कॉन्फिगवर नाही. आणि जमलं तर आर्म६४ सारख्या आणखी एखाद्या रचनेवर. इंटेलचा म्हणून एक्स८६ पुरेल असं वाटतं, पण ई१००० सारखी पीसीआय कार्डं कोणत्याही यंत्रात बसतात.

पाठवताना

चेकपॅच स्क्रिप्ट चालवा. गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल त्या सगळ्यांना पत्र जाऊ द्या. पीसीआय उपप्रणाली ब्यॉर्न हेल्गास सांभाळतात. सामाईक फाइलीतला पॅच असेल तर त्यांची संमती लागते, पण मालिका बऱ्याचदा ड्रायव्हरांच्या शाखेतूनच आत जाते. शीर्षकाचा उपसर्ग त्या फाइलीच्या गिट लॉगमध्ये पाहून तसाच घ्या.

वर्णनात तीन गोष्टी हव्यात: आधी कोणती नावं होती, आता हेच नाव का, आणि वागण्यात काही बदल नाही हे कसं तपासलं. ‘नावं नीट केली’ एवढंच लिहिलेला पॅच परत येतो, आणि तसं होणं बरोबरच आहे. नाव बदलण्याला किंमत असते. नव्या उपकरणांचे क्रमांक स्थिर आवृत्त्यांमध्येही नेले जातात. नाव मुख्य शाखेत बदललं आणि जुन्या आवृत्तीत नाही, तर नेणाऱ्याला प्रत्येक वेळी हातानं जुळवून घ्यावं लागतं. ती किंमत देण्याजोगी का आहे, हे तुमच्या वर्णनातून कळलं पाहिजे. मी दर वेळी वहीतला तक्ताच तिथं उतरवतो: हा क्रमांक, या तीन फाइली, ही तीन नावं. त्यापुढे फार काही बोलावं लागत नाही.

दुसरी आवृत्ती पाठवाल तेव्हा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. ते वाचणाऱ्यासाठी असतं, गिटच्या इतिहासात जात नाही.

जुनं नाव काढणारा शेवटचा पॅच मात्र मी याच मालिकेत घाईनं रेटत नाही. तुमचे पॅच एका शाखेत पडून असतात तेव्हा दुसऱ्या शाखेत कोणीतरी जुनं नाव वापरून नवा ड्रायव्हर लिहीत असतो. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं आणि एकत्र आले की बांधणी फुटते. म्हणून तोवर सामाईक फाइलीत जुनं नाव नव्या नावाकडे बोट दाखवत राहू द्या. मर्ज विंडो (मुख्य शाखेत नवे बदल घेण्याचा काळ) संपून आरसी१ (पहिली चाचणी आवृत्ती) निघाली की ती आवृत्ती उतरवा, जुन्या नावाचा आणि त्याच्या शेपटाचा ग्रेप पुन्हा घ्या, एखादा नवा वापर सापडला तर तोही बदला, आणि मग ती एक ओळ पुसणारा पॅच पाठवा.